ऐकणारी सून

माझं लग्न ठरलं तेव्हा वडील चारचौघांत कौतुकानं सांगत होते, "मुलगा लई शांत आहे. उगं बडबड न्हाय. विचारलं तर मान हलवतो, हसतो, बास." ते अगदी खरं होतं. फक्त विचारलेलं त्याला ऐकू येत नव्हतं, हे वडिलांना कुणी सांगितलं नाही. बोलणी करायला नवऱ्या मुलाचे एक चुलते आले होते, त्यांचे कान चांगले होते आणि जीभ त्याहून चांगली होती. सगळी बोलणी त्यांनीच केली. नवरदेव शेजारी बसून हसत राहिले.

माझं माहेर लोहाऱ्याच्या बाजूचं, कानडी मुलखाच्या शिवेजवळचं. आई कानडी बोलायची, वडील मराठी, आणि आम्ही भावंडं मागताना मराठी, भांडताना कानडी. आमच्या घरात कुणी जरा वेळ गप्प बसलं की आई त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. अशा घरातली मी. मला शांत नवरा मिळाला याचं वडिलांना समाधान वाटलं, कारण त्यांच्या मते माझ्यापुढं दुसऱ्या बोलक्या माणसाचा टिकाव लागणं अवघडच होतं.

लग्नात मला नाव घ्यायला लावलं. मी घरून पाठ करून गेले होते, चांगला लांबलचक उखाणा. शेवटी त्यांचं नाव आलं तसा मांडव हसला, बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. ते मात्र समोर बघत होते. सगळे हसतायत हे त्यांच्या ध्यानात आलं, मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. मला वाटलं, लाजरे आहेत. मला ते आवडलंसुद्धा.

सासर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बालाघाटाच्या अंगाला. तेव्हा नुकताच मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता आणि एसटीवरची अक्षरं नवी दिसत होती. गाव दारूकामाचं. दारूकाम म्हणजे प्यायची दारू नव्हे, उडवायची. सोरा, गंधक आणि काडीकचऱ्याचा कोळसा कुटून दारू करायची, तिचे बाण, भुईनळे, सुतळीचे बार करायचे, आणि जत्रेत उखळी उडवायला जायचं. उखळी म्हणजे ओंजळीएवढं जाड लोखंडी भांडं. त्यात दारू ठासायची, वरून विटेचा भुगा ठोकायचा, वात लावायची आणि पळायचं. पालखी उठली की उखळीचा बार झालाच पाहिजे, नाहीतर पालखी उठल्यासारखी वाटत नाही, अशी आमच्या मुलखाची समजूत.

निजामाचं राज्य गेलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी गावाबाहेरच्या मोठ्या छपरात स्फोट झाला होता. दसरा तोंडावर आलेला, माल वाळत घातलेला. आग कशानं लागली हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. माझे सासरे त्यात गेले, आणखी काही माणसं गेली. गेलेल्यांसाठी रडायला पंचक्रोशी आली. वाचलेल्यांकडं बघायला कुणी आलं नाही, कारण वाचलेले हातीपायी धड दिसत होते. छपराच्या अंगची सगळी गल्ली बहिरी झाली होती, पण बहिरेपण काही अंगावर दिसत नाही. काहींना तर दारूकामाशी घेणंदेणंही नव्हतं. एक बाई दारात तांदूळ निवडत बसली होती, एक म्हातारा बाजेवर पडला होता. ज्याचा जो कान छपराकडं होता, तो गेला.

हे सगळं मला लग्नानंतर कळलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. पहिल्या दिवशी एवढंच कळलं की माप ओलांडून मी घरात आले आणि सासूबाईंना म्हणाले, "पाया पडते," तर त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, जेवून घे."

घरात आम्ही चौघं. सासूबाई, हे, माझी नणंद आणि मी. सासूबाईंना ठार ऐकू येत नव्हतं, शिवाय स्फोटापासून त्यांना घेरी यायची, त्यामुळं त्या भिंतीला एक हात लावून चालत. घरातल्या सगळ्या भिंतींवर कमरेएवढ्या उंचीला त्यांच्या हाताचा तेलकट पट्टा उमटला होता. दिवाळीला मी तो चुन्यानं झाकायची, संक्रांतीपर्यंत तो परत यायचा. नणंद माझ्याहून थोडी मोठी. स्फोटाच्या दिवशी ती छपराबाहेर वाळत घातलेले कागद उलटत होती, कान गेलेच. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं भाजून एकमेकांना चिकटली होती, थंडीत कातडी ओढली जायची आणि ती हात काखेत धरून बसायची. तिला एकदा बघून गेलेले पाहुणे परत आले नव्हते. आणि यांचा डावा कान पुरता गेलेला, उजव्यात थोडं शिल्लक. त्या उजव्या कानात कायम भुंगा गुणगुणतो, असं ते सांगत. वेळूच्या बनात शिरल्यासारखं वाटतं म्हणायचे.

त्या घराच्या आपल्या रीती होत्या. कुणाला बोलवायचं तर जमिनीवर टाच आपटायची, पायाला हादरा कळतो. लांब असेल तर शेंगेचं फोलपट फेकून मारायचं. दारात कडी वाजवण्यात अर्थ नव्हता, म्हणून चौकटीतून एक दोरी आत नेली होती आणि तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली होती. आलेल्या माणसानं बाहेरून दोरी ओढली की आत चिंधी नाचायची. आणि काही महत्त्वाचं बोलायचं असलं की समोरच्याची हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडं फिरवायचं, म्हणजे एकमेकांचे ओठ दिसतात. पहिल्यांदा सासूबाईंनी माझी हनुवटी अशी धरली तेव्हा मी घाबरले. मला वाटलं, मारतात की काय. त्या विचारत होत्या, कालवण तिखट झालं का?

बाकी वेळ सासूबाई मान हलवायच्या. काहीही सांगा, त्या हसून मान हलवणार. मी सांगितलं, दूध नासलं, मान हलवली. मी सांगितलं, मला माहेरची आठवण येते, मान हलवली. त्या मानेचा मला एवढा राग यायचा की काय सांगू! ऐकू आलं नाही तर नाही म्हणावं, परत विचारावं. पण त्या विचारत नसत. पुढं मला समजलं की एकच गोष्ट दहा वेळा विचारून बहिरं माणूसच आधी थकतं. तेव्हा हे समजण्याचं माझं वय नव्हतं.

बाहेरच्या लोकांना आमचं गाव भांडखोर वाटायचं. एसटीचे कंडक्टर म्हणायचे, "हितं उतरनारे आधीच मारामारी करत चढत्यात." खरं तर आमची गल्ली रोजचंच बोलायची, फक्त ओरडून. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाच्या सुनेला दिवस गेले, हे ओढ्यापलीकडच्या लोकांना ऐकू जायचं. ज्यांच्याशी बोलणं चाललेलं असायचं त्यांना मात्र दोनदा सांगावं लागायचं.

मी त्या घरातली एकटी ऐकणारी होते. रात्रंदिवस बोलणाऱ्या घरातून आलेली मुलगी, आणि भोवती तीन माणसं, चांगली माणसं, कुणी मला कधी टोचून बोललं नाही, पण मी बोललेलं कुणापर्यंत पोचत नव्हतं. ओरडून बोलता येतं ते कामाचं. मीठ दे, गाय सोड, पाणी तापलं. ओरडून कुणाला असं सांगता येत नाही की आज उगाच जीव उदास झालाय. ओरडलं की ते खोटं वाटतं. मी शेळीशी कानडीत बोलायला लागले. "बा इल्ली," म्हटलं की ती यायची. इकडं ये, एवढाच त्याचा अर्थ, पण माझं ऐकून त्या घरात कुणीतरी यायचं.

आणखी एक गोष्ट करायची मी. सांगायला आता काही वाटत नाही. आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यात काय ते घ्यायचं, एरवी "अहो" आणि "हे". मी इथंही ते लिहीत नाही, हात वळत नाही. पण त्या घरात ऐकायला कोण होतं? हे पाठमोरे बसून दारू खलत असले की मी मागं उभी राहायची आणि त्यांचं नाव घ्यायची. आधी हळू. मग जरा मोठ्यानं. एखाद्या दिवशी चांगलं ठणठणीत. वाटायचं, एकदा तरी वळतील, डोळे मोठे करतील, म्हणतील, "आगं, नाव काय घेतीस?" मी शरमेनं घरात पळून गेले असते. पण ते कधी वळले नाहीत. खल चालू राहायचा.

सासरे गेल्यावर कामाची सगळी जबाबदारी यांच्यावर आली होती. हात चांगला होता, सगळे म्हणत. दारूचा नवा घाणा, म्हणजे एका वेळी कुटलेला माल, झाला की तो जोखायला ओढ्याकाठच्या पडीक रानात उखळीचा एक बार काढायचा, ही रीत. बार कसा वाजतो त्यावरून दारू किती ठासायची ते ठरायचं. पूर्वी सासरे ऐकायचे. आता हे.

एकदा मी भाकरी घेऊन रानात गेले. यांनी वात लावली, लांब आले, उजव्या कानामागं हात धरला. बार झाला. माझ्या दातांपर्यंत हादरा आला, पलीकडच्या बाभळीवरचे कावळे उठून पार गावावरून फिरून आले. आणि यांनी तोंड वाकडं केलं. मान हलवली. म्हणाले, "फुसका झाला."

परत गेले आणि दारू वाढवली.

माप त्यांच्या कानात होतं आणि कान गेलेला होता. जेवढा कान जाईल तेवढी दारू वाढणार. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, ओरडले, "लई मोठा झाला! वाढवू नगा!" ते हसले. "तुज्या गावात कोन दारू कुटतं गं?" म्हणाले आणि माझा हात बाजूला केला. दुसऱ्या बाराला माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली ती दिवे लागेपर्यंत थांबली नाही.

हे काही आमच्याच घरात चाललं नव्हतं. त्या गल्लीतले सगळे दारूकाम करणारे थोडेफार बहिरे, आणि सगळे आपापल्या कानानं माल जोखत. त्या वर्षी आमच्या गावचे बार जत्रेत असे वाजले की लोकांनी पागोटी उडवली. पुढच्या वर्षी मागणी वाढली. आमच्या बहिरेपणाचं असं नाव झालं. मी सासूबाईंना सांगितलं, माणूस मरंल एखादं. त्यांनी हसून मान हलवली.

मग तेच झालं, थोडक्यात निभावलं एवढंच. एका जत्रेत यांच्या उखळीला तडा गेला. हे वात लावून वळत होते, झळ उजव्या पंजावर आली. घरी आणलं तेव्हा हात केळीच्या पानात गुंडाळलेला होता. नणंदेनं तो हात बघितला आणि आपला चिकटल्या बोटांचा हात त्याशेजारी धरला. मीच रडले, मोठमोठ्यानं रडले. त्या घरात मोठ्यानं रडायला बरं होतं, कुणी गप्प हो म्हणत नसे.

हात बरा होत आला तसं एका सकाळी यांनी जमिनीवर टाच आपटली. मी चुलीपासून उठून आले. त्यांनी डाव्या हातानं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं फिरवलं. मला ऐकू येत होतं, ओठ बघायची गरज नव्हती, पण सवयीनं त्यांनी माझं तोंड फिरवलं.

"आता तू ऐक," म्हणाले. "म्या वात लावतो. किती वाजला ते तू सांग."

माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या घरात मला कुणी विचारलं नव्हतं, तुला काय ऐकू आलं? मला इतका आनंद झाला की मी भाकरी तव्यावर तशीच सोडून आले होते हे विसरले. नणंदेला वास आला म्हणून भाकरी वाचली.

आम्ही खुणा ठरवल्या. मी तळहात वर केला की कमी, आडवा धरला की बरोबर, मूठ आवळली की जास्त. आडवा हात दिसला की हे मापाला बोट लावत नसत. त्यानंतर आमची उखळी पुन्हा कधी तडकली नाही. गल्लीतले बाकीचेही आपला घाणा घेऊन यायला लागले. "वहिनी, आमचाबी जरा ऐका की," म्हणायचे. मी पदर खोचून रानात उभी. पावसाळा सोडला तर जवळजवळ रोज. घरची कामं नणंद करायची आणि मला चिडवायची, "कानवाली बाई आली!" ती हसली की तिचं तोंड फार छान दिसायचं. ते बघायला कुणी पाहुणे आले नाहीत याचा मला अजून राग आहे.

बार झाला की हे माझ्याकडं बघायचे. नीट, टक लावून. माझ्या हाताकडं, मग तोंडाकडं. मग दोघंही बांधावर बसून खायचो, आणि मी बोलायची. त्यांना ओठ वाचता यायला लागले होते, निदान माझे. रानात उजेड भरपूर. मी सांगायची, ओढ्याला पाणी आलंय त्याचा आवाज कसा येतो, लांबून मोट चालते ती कशी कुरकुरते. ते ऐकायचे. म्हणजे बघायचे. दिवसातला तेवढाच वेळ मी एकटी नसायची.

यांचा कान फार दुखायला लागला म्हणून आम्ही सोलापूरला एका डॉक्टरांकडं गेलो होतो. त्यांनी दोन टोकांचा पोलादी काटा टेबलावर ठोकून यांच्या कानाजवळ धरला, डोक्याच्या हाडाला लावला. म्हणाले, आतली नस गेली आहे, आता जेवढं आहे तेवढं जपायचं. मग गंमत म्हणून की काय, तो काटा माझ्या कानाशी धरला. मला वाटलं, मी फुशारकीनं सांगेन, अजून येतो, अजून येतो. मी "थांबला" म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी काटा आपल्या कानाला लावला. त्यांना अजून येत होता. त्यांनी विचारलं, काम काय करता? मी सांगितलं. ते म्हणाले, हे बंद करा बाई. कापूस घाला निदान.

कापूस घातला की बार नीट कळत नसे. म्हणून मी तो घातला नाही. यांना मी डॉक्टरांचं माझ्याबद्दलचं बोलणं सांगितलं नाही. ते ओठ वाचायला शिकले होते खरे, पण डॉक्टरांना मिशा होत्या.

तुम्ही म्हणाल, एवढं कळून बाई उभी का राहिली? यांचे हात शाबूत राहावेत म्हणून, हे आहेच. पण तेवढंच कारण सांगितलं तर मी फार थोर ठरेन, आणि ते खोटं होईल. बार बंद झाला असता तर मी परत शेळीपाशी गेले असते. मला ते नको होतं.

मग मला दिवस गेले. गल्लीतल्या बायका पोटाकडं बघायच्या आणि पुढं जायच्या. सगळ्यांच्या मनात एकच होतं, पोर बहिरं निपजलं तर? घरात तिघं तशी. स्फोटानं गेलेला कान पोटच्या पोराला जात नाही, हे त्यांना कुणी समजावलं नव्हतं आणि मलाही. सासूबाईंनी मला रानात जायची बंदी केली. पहिल्यांदाच त्यांनी मान हलवली ती आडवी.

बाळंतपणाला माहेरी गेले. किती दिवसांनी बोलक्या घरात आले होते! पहिल्याच दिवशी आई सैपाकघरातून काहीतरी बोलत होती, मी बाहेर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. ती बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"किती वेळ झाला विचारतेय. रागावलीस का?"

"कधी विचारलंस अव्वा?" मी म्हणाले.

तिनं डोळे बारीक केले. "आणि ओरडतेस कशाला? मी इथंच तर आहे."

मी ओरडत नव्हते. मला तर वाटलं, मी हळूच बोलतेय. भावंडं जेवताना पूर्वीसारखीच एकमेकांचं तोडून बोलत होती, सगळी एकदम, आणि मला त्यातलं अर्धं कळत नव्हतं. सगळे हसले की मीही हसायची. जरा उशिरा. लग्नाच्या मांडवातलं यांचं हसणं मला तेव्हा आठवलं.

मुलगी झाली. सुईणीनं रिवाजाप्रमाणं तिच्याजवळ पितळी ताट वाजवलं. मी पोरीकडं बघत होते, ताटाकडं नाही. पोर दचकली. हात उघडले, मुठी झाल्या, ओठ थरथरले. सुईण म्हणाली, "दचकली बरं का, खणखणीत आहे." मी म्हटलं, अजून एकदा वाजवा. ती म्हणाली, आता पुरे, घाबरेल. मी अजून एकदा वाजवायला लावलंच.

बारशाला सासरची मंडळी आली. पाळण्यात घातल्यावर बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बायका पाळण्याभोवती दाटल्या, नणंद पुढं झाली. चिकटल्या बोटांचा हात तिनं पदराखाली घेतला होता. कानात नाव सांगायचं म्हणजे कुजबुजायचं. पण कुजबुजणं काय असतं हे ती बिचारी केव्हाच विसरली होती. ती वाकली, आणि तिनं पोरीच्या कानाशी तोंड नेऊन नाव असं ठोकलं की रस्त्यावरच्या बैलांनी माना वळवल्या!

पोरीनं टाहो फोडला. माझ्या माहेरच्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. नणंद ओशाळली, मला म्हणाली, "लई मोठ्यानं झालं का गं?" मी तिला मूठ आवळून दाखवली. तीसुद्धा हसायला लागली. आणि हे दारात उभे होते, पुरुषमाणसांनी तिथं थांबायचं नसतं तरी थांबले होते. त्यांना ना नाव ऐकू आलं, ना रडणं. त्यांनी फक्त बघितलं, की बहिणीचे ओठ हलले आणि पोरीचं तोंड उघडलं. आधी ओठ, मग टाहो. त्यांना कळलं. ते तिथंच धोतराच्या सोग्यात तोंड लपवून रडले, आणि मी पाळण्यापाशी बसून रडले. मला वाटत होतं, आता त्या घरात माझं ऐकणारं कुणीतरी आलं.

सासरी परतले. दिवाळीचा माल करायचा होता. नवा घाणा तयार होता, उखळी चिंचेखाली ठेवलेली. मी रांजणातून पाणी काढत होते. घागर भरली, वळले, तर हे माझ्या पाठीशी अगदी हाताच्या अंतरावर उभे, आणि त्यांचं तोंड उघडं होतं. ओठांवर माझं नाव होतं. माझे ओठ ते वाचायचे तसे मलाही आता त्यांचे वाचता येत होते. ते किती वेळ उभे होते, किती वेळा त्यांनी हाक मारली, मला ठाऊक नाही. आमच्याकडं नवराही बायकोला नावानं हाक मारत नाही, आणि त्यांची हाक म्हणजे कुजबुज नव्हे, गल्ली हलायची.

माझ्या हातातली घागर त्यांनी काढून घेतली. खाली ठेवली. मग पायरीवर बसले आणि बराच वेळ त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवशी त्यांनी उखळी चिंचेखाली पालथी पुरली. तिच्या वर राहिलेल्या कानाला, म्हणजे कडीला, शेळीचं दावं बांधलं. मी म्हणाले, "आता काय करायचं?" ते म्हणाले, "वाजनारं काईबी न्हाय." त्यानंतर आमच्या घरात फक्त भुईनळे आणि चंद्रज्योती झाल्या. उजेडाचा माल. गल्ली म्हणाली, याचं डोकं फिरलं. जत्रेत आमच्या घराचं नाव कुणी घेईना. त्यांना त्याचं काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पालखी उठायच्या वेळी ते घरात येऊन बसत. पण ती उखळी त्यांनी पुन्हा वर काढली नाही. ते भुईनळे उडवून बघायला रानात गेले की मी मात्र परत बांधावर जाऊन त्यांच्याजवळ बसायला लागले, नुसतीच, भाकरी घेऊन.

मुलगी वाढली. बोलायला लागली तीच तोंडात तोफ घेऊन. घरात चौघं बहिरी, तिला हळू बोलायचं कारणच नव्हतं. पण माझ्या मनात एक होतं. पोरं मोठी होताना एक वय येतं, तेव्हा त्यांना कानगोष्टी सांगायची हौस सुटते. मला ती हवी होती. तेवढ्यासाठी मी वाट बघत होते. तिला मी कानडीसुद्धा शिकवत होते, म्हणजे आम्हा दोघींचं असं काही राहील.

एका दुपारी मी उंबऱ्यात बसून वाती वळत होते. ती मागून आली. गळ्यात हात टाकले, केस बाजूला केले आणि माझ्या कानाला तोंड लावलं. मी वाती खाली ठेवल्या. तिचा श्वास कानात गेला, गरम, थोडा ओला, गुळाचा वास आला. ओठ हलल्याचं कानाच्या पाळीला कळलं. ती सांगत होती, पुष्कळ सांगत होती, मध्येच स्वतःशीच हसली.

मला काहीही ऐकू आलं नाही. एक अक्षरसुद्धा नाही. भुंगा तेवढा गुणगुणत होता.

तिचं सांगून झालं. ती थांबली. मी हसले आणि मान हलवली.

ती पुढं आली. माझ्याकडं बघत राहिली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. तिनं आपल्या गुळानं चिकट झालेल्या दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, माझं तोंड उजेडाकडं फिरवलं, स्वतःही उजेडात सरकली, आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागली, आवाज न करता, एकेका शब्दाला ओठ नीट हलवत.